थंडी ते थोरला

"मॅडम, तुमच्या शब्दकोशात 'थ' न्हाई."

उत्कर्षानं मान वर केली नाही. वाचनालय बंद व्हायला अर्धा तास होता, डोक्यावरचा पंखा फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त होता, आणि अशा वेळी येणारी माणसं हमखास असलंच काहीतरी घेऊन यायची.

"'थ' सगळ्या शब्दकोशांत असतो," ती नोंदवहीत डोकं घालूनच म्हणाली. "'त'च्या पुढे बघा."

"'त'च्या पुढं 'द' हाय."

"दोन पानं एकदम उलटली असतील."

"मी मोजणी खात्यात हाय, मॅडम. मोजूनच सांगतो. तीनशे बाराच्या पुढं डायरेक्ट तीनशे एकवीस."

आता मात्र तिनं वर पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, केसांत कुठल्यातरी शिवाराची धूळ, खिशाला पट्टी अडकवलेली. कोशाचा तो जाडजूड खंड त्यानं दोन्ही हातांवर असा धरला होता, जणू देवळातून प्रसादाचं ताट आणलंय. तिनं तो ओढून घेतला आणि स्वतः मोजलं. खरंच होतं. कुणीतरी सुबकपणे चार कागद, म्हणजे आठ पानं कापून नेली होती. 'थंड', 'थंडी'पासून 'थोरला'पर्यंत सगळं साफ. सोलापुरात थंडी तशीही नावालाच. आता कोशातूनही गेली.

"तुम्हाला कुठला शब्द हवाय?" तिनं वैतागून विचारलं.

"थळ. जुन्या मोजणीच्या कागदात सारखं येते."

"येतो."

"कोण येतो?"

"शब्द. शब्द येतो. येते नाही. मोबाईलवर बघा ना."

"बघितलं. मोबाईलनं कुठलीतरी वाळवंट दाखवली."

"दाखवलं. वाळवंट दाखवलं."

"तुम्हाला पण?" तो निरागसपणे म्हणाला.

उत्कर्षानं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांआड तिला हसू येत होतं, पण ते त्याला कळायचं कारण नव्हतं.

त्याचं नाव पंचाक्षरी. गाव दुधनी, घरची भाषा कन्नड, शाळाही कन्नड. एप्रिलअखेरपर्यंत तो सोलापुरात प्रशिक्षणाला होता. दिवसभर साखळी आणि झेंडे घेऊन शेतं मोजायची आणि संध्याकाळी जुने कागद लावायचे. त्या कागदांतलं मराठी त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी. 'थ' नाही तर नाही, बाकीची अक्षरं होतीच की! पण कोश कसा वाचायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीवर तो इतक्या आत्मविश्वासानं बोलायचा, की उत्कर्षाचं डोकं उठायचं.

"हे बघा," तो एकदा म्हणाला, "अडकित्ता. पुढं लिवलंय 'पु.' म्हणजे हा पुण्यात मिळतो."

"पु. म्हणजे पुल्लिंग!"

"आणि ही वेणी. 'स्त्री.' म्हणजे बायकांनी वापरायची. बरोबर हाय की!"

"नाही! म्हणजे… वेणी बायकाच वापरतात, पण त्यासाठी नाही लिहिलेलं ते."

"आणि हे घर, पुढं 'न.' म्हणजे न्हाई. घर न्हाई म्हणतात, मग छापलं कशाला?"

कोपऱ्यातल्या बाकावरून खोकल्यासारखा आवाज आला. तिथं सयाजी गुरुजी बसायचे. निवृत्त मुख्याध्यापक. ते रोज दुपारी कोशाचं एक पान वाचायचे, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, नेमानं, एखाद्यानं पोथी वाचावी तसं. तेव्हा ते 'ट'मध्ये होते. त्यांचा तो खोकला नव्हता, हसू होतं.

उत्कर्षानं खुर्ची ओढली आणि त्याला समोर बसवलं. हे एकदाच नीट शिकवून टाकलं की सुटले, असं तिनं मनाशी म्हटलं.

"ही एक नोंद. आधी मूळ शब्द, ठळक अक्षरात. मग लिंग. मग आकडे घालून अर्थ. पहिला सगळ्यांत वापरातला, मग बाकीचे. 'पहा' असं लिहिलं असेल तर चिडायचं नाही, मुकाट्यानं त्या दुसऱ्या शब्दाकडे जायचं. शेवटी चौकटी कंसात शब्द कुठून आला ते."

त्यानं अडकित्त्याच्या शेवटावर बोट ठेवलं. "'का.' म्हणजे?"

"कानडी."

त्याचे डोळे लकाकले. "म्हणजे आमचा?"

झालं! तिनं स्वतःच माकडाच्या हाती कोलीत दिलं होतं. पुढचे आठ दिवस तो फक्त चौकटी कंस वाचत सुटला. तूप— "आमचं!" अक्का— "आमची!" केर काढणाऱ्या केराबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "मॅडम, आमचे शब्द परत मागितले, तर तुमच्या जेवणावर तूप न्हाई पडायची."

"पडायचं!" उत्कर्षा ओरडली.

"ताई, अहो वाचनालय हाय हे," केराबाई झाडू थांबवून म्हणाल्या. "'शांतता राखा' तुम्हीच चिकटवलंय न्हवं?"

तिनं आवाज खाली आणला. "आणि ऐका. सगळे अर्थावरच थांबतात. अर्थ कळला की कोश मिटतात. त्यापुढे बारीक अक्षरात 'उदा.' असतं, ते वाचायचं. शब्द खरा कळतो तो उदाहरणात. तो कुणाच्या तोंडी येतो, कुठल्या वेळी येतो, रागात की मायेनं… ते अर्थात नसतं. कळलं?"

त्यानं 'उदा.'वर बोट ठेवलं. त्या ओळीकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ. तिनं उगाचच पंख्याकडे पाहिलं.

"कळली," तो म्हणाला.

"कळलं," ती म्हणाली. पण या वेळी आवाजात धार नव्हती.

हरवलेल्या आठ पानांचा उपाय त्यानंच काढला. गावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात हाच कोश होता. पण पुस्तक इतकं जुनं, की झेरॉक्सच्या काचेवर पालथं घातलं असतं तर पाठच मोडली असती. "मी हातानं उतरून आणतो," पंचाक्षरी म्हणाला. "नकाशावर नावं लिवायची सवय हाय. अक्षर बघा पायजे तर."

तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. असं अक्षर तिनं छापील पत्रिकेतही पाहिलं नव्हतं.

तिनं विनंतीपत्र दिलं. 'आज एक पान झालं' असा त्याचा निरोप मोबाईलवर यायचा, ती उलट 'बरं' एवढंच पाठवायची. मार्चभर तो कचेरी सुटल्यावर कॉलेजात जाऊन बसला आणि एके दिवशी आठ पानं तिच्या टेबलावर ठेवली. दोन रकाने, काळी शाई, कुठं एक डाग नाही. तिनं भराभर तपासलं. आकडे बरोबर, मूळ शब्द क्रमानं, एकही गळलेला नाही. थंड, थंडी, थकणे, थट्टा… थळ म्हणजे जमिनीचा तुकडा, एवढंच निघालं… थेट थोरलापर्यंत.

"छान," ती म्हणाली. तिच्या तोंडी हा शब्द दुर्मीळ होता; तो तिनं दिला आणि पानं त्याच दिवशी बायंडरकडे पाठवली.

आणि मग सगळं बिघडायला लागलं.

"वाचली?" त्यानं चार दिवसांनी विचारलं.

"काय?"

"'थ'ची पानं."

"अहो, बांधून आली की! कळतसुद्धा नाही हातानं लिहिलीयेत ते."

"वाचली का पण?"

"तपासली ना मी. सगळे शब्द आहेत."

त्याचा चेहरा असा उतरला, की तिला वाटलं, आपण काही लिंगबिंग चुकलो की काय. नंतर तो रोज यायचा, पण पहिल्यासारखा नाही. बसायचा, एखादा शब्द बघायचा, विचारायचं झालं तर केराबाईंना पाणी विचारायचा. 'आमची', 'आमचं' बंद झालं. वाचनालयात खरोखरच शांतता पसरली, आणि ती शांतता उत्कर्षाच्या डोक्यात जायला लागली. बोल की बाबा काहीतरी! चुकीचं बोल! तिनं एकदा मुद्दाम विचारलं, "जेवण झालं का?" तो म्हणाला, "झालं." नेमकं बरोबर. एवढा राग तिला त्याच्या चुकांचाही कधी आला नव्हता.

एप्रिलच्या वीस तारखेला केराबाईंनीच बातमी आणली. "त्ये दुधनीचं पोरगं गडचिरोलीला चाललंय म्हणं. तीन वरसं. खात्यानं दोघांची नावं मागितली, तर ह्येनं आपणहून दिलं."

"आपणहून?"

"व्हय. तीस तारखेच्या पाचपतुर परत घेता येतंय, पर घेत न्हाई म्हणतोय."

उत्कर्षानं त्या दिवशी तीन पुस्तकांवर चुकीचे शिक्के मारले. आपणहून! सोलापुरात राहायला मिळत असताना माणूस आपणहून गडचिरोलीला जातो? मग इतके दिवस रोज इथं येऊन बसणं कशासाठी होतं, तुपासाठी? संध्याकाळी तो आला, तेव्हा तिनं विचारलंही.

"ऐकलं मी. गडचिरोली."

"हो."

"का पण?"

तो काही बोलणार, असं वाटलं. ओठ हललेसुद्धा. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, जसं शाळेत फळ्यापाशी उभं राहिलेलं पोर मास्तरांच्या हातातल्या पट्टीकडे पाहतं… आणि खांदे उडवून तो म्हणाला, "नोकरी आहे."

'हाय' नाही, 'आहे'. ती रात्रीपर्यंत धुमसत होती. न बोलणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? आणि आपण होऊन विचारायचं तरी काय? सांगोल्याहून शिकायला आली तेव्हा तिच्या बोलण्याला हसणाऱ्या मुलींपुढे तिनं एक शपथ घेतली होती, की आपल्या तोंडून पुन्हा कधी कमीपणा येणारं काही निघणार नाही. ती शपथ तिनं आजवर पाळली होती.

तीस तारखेच्या दुपारी उन्हानं कहर केला होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलरपुढची खुर्ची धरून बसलेले सयाजी गुरुजी एकाएकी उठले आणि कोश घेऊन टेबलापाशी आले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"उत्कर्षाबाई, हा कोश छापला कधी?"

"खूप जुना आहे, गुरुजी. तुमच्या शाळेच्या वेळचा असेल."

"हां. तेव्हा आमच्या गावात तार आली तरी रडारड व्हायची. मग या कोशात मोबाईल कुठून आला?"

"मोबाईल?"

त्यांनी चष्मा सरसावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "थंड, विशेषण. एक, गार. दोन, उत्साह नसलेला. उदाहरण— माठातले पाणी थंड असते. तिच्या मोबाईलवरून आलेले 'बरं' त्याहून थंड."

उत्कर्षाच्या हातातला शिक्का खाली पडला.

"मला वाटलं, एखादी चूक असेल," गुरुजी म्हणाले. "म्हणून नेम मोडला आणि पुढची पानंही वाचली. थकणे. उदाहरण— रोज चुका दाखवून ती थकत नाही. थेट. उदाहरण— मोजणीची साखळी थेट जाते; त्याची जीभ तिच्यापुढे थेट जात नाही. हा काय प्रकार आहे, बाई? संदर्भग्रंथ आहे हा! उद्या कुणी प्राध्यापक यातून उतारा घेईल!"

तिनं कोश हिसकावूनच घेतला. बारीक अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती. थोडा. उदा. त्याला थोडे मराठी येते. तेवढ्यात मावेल असे एकच वाक्य त्याच्याजवळ आहे. मागची पानं उलटली. थांबणे. १ चालता चालता उभे राहणे. २ वाट पाहणे. ३ मुक्काम करणे. उदा. प्रशिक्षण एप्रिलमध्ये संपेल. तिने एकदा थांबा म्हटले, तर तो सोलापुरातच थांबेल.

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की या सगळ्या ओळींत एकसुद्धा लिंग चुकलेलं नव्हतं. पाणी, साखळी, जीभ, वाक्य, सगळं जिथल्या तिथं. म्हणजे त्यानं एकेक शब्द कोशात शोधला असणार. पु., स्त्री., न. बघत. एका ओळीसाठी दहा-दहा वेळा पानं उलटत. तिच्यासमोर तोंड उघडलं की ती पहिली चूक धरणार, दुसऱ्या शब्दापर्यंत जाऊच देणार नाही, म्हणून त्यानं सांगायची गोष्ट अशा जागी ठेवली, जिथं त्याला चुकता येणार नव्हतं. तिनंच दाखवलेल्या जागी. शब्द खरा कळतो तो उदाहरणात, असं ऐटीत सांगणाऱ्या बाईनं पानं मोजली, शब्द मोजले आणि उदाहरण सोडून सगळं तपासलं.

"बत्तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं," गुरुजी पुटपुटले, "की उदाहरणं वाचा. वाचत नाहीत." मग घड्याळाकडे पाहून जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "पान बदलावं लागेल. पण ते उद्या केलं तरी चालेल. चार वाजून गेलेत."

मागून केराबाई म्हणाल्या, "ताई, जावा की! म्या बसते दारात."

संदर्भग्रंथ वाचनालयाबाहेर नेऊ नये, ही पाटी उत्कर्षानंच रंगवून घेतली होती. कोश छातीशी धरून त्याच पाटीखालून ती पळाली.

रिक्षा मिळाली ती सात रस्ता चौकात जाऊन बंद पडली. उरलेलं अंतर तिनं तापलेल्या डांबरावरून जवळजवळ धावतच काढलं. मोजणीच्या कचेरीत पोचली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ओढणी एका खांद्यावर गोळा झाली होती आणि डोक्यात जाळ झाला होता.

पंचाक्षरी नकाशांच्या भेंडोळ्यांमागून उठला. "मॅडम? तुम्ही इथे? काय झालं?"

"बाहेर या."

लिंबाच्या झाडाखाली, उसाच्या रसाच्या बंद गाड्यापाशी तिनं कोश उघडला आणि ती ओळ त्याच्यापुढं धरली. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"वाचली?" त्यानं हळूच विचारलं.

ती तोंड उघडणार होती नेहमीच्या मराठीत. तयार केलेलं वाक्यही होतं— तुम्ही असं करायला नको होतं, वगैरे. पण ते वाक्य कुठल्या कुठं गेलं, आणि सात वर्षं दाबून ठेवलेलं सांगोलं एकदम वर आलं.

"आवं, त्वांड दिलंय न्हवं देवानं? त्वांडानं सांगायला काय झालं व्हतं? उदाहरणात लिवत्यात व्हय असलं! कोन वाचतंय उदाहरन? म्या न्हाई वाचलं! म्हातारं मानूस वाचतंय आन् मला इचारतंय मोबाईल कुटनं आला म्हून! लाजंनं मेले मी तितं! आन् तुमी गडचिरोलीला निगाला, नाव देऊन, आपल्या मनानं! म्या काय वाचलंच न्हाई, तर उत्तर कुटनं दिऊ? थांबा म्हणं! थांबा की! म्हनतीया न्हवं मी, थांबा! आता काय शिक्का मारून दिऊ?"

बोलून झाल्यावर तिला धाप लागली. मग आपण काय बोललो, कसं बोललो, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं झटकन ओढणी तोंडावर धरली.

पंचाक्षरी तिच्याकडे पाहतच राहिला होता. "हे कुठलं मराठी?"

"आमच्या सांगोल्याचं," ती ओढणीतून म्हणाली. "हसू नका."

"हसत न्हाई." तो खरंच हसत नव्हता. "मॅडम… तुमची सगळी बोलणी मी पहिल्यांदा पूर्ण समजली."

त्या एका वाक्यात किती चुका होत्या, हे तिनं मोजलंसुद्धा नाही. तो पुढं बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. वर लिंबाचं एकही पान हलत नव्हतं.

"मला तुम्ही आवडतो," तो म्हणाला. थबकला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुरुस्ती आली नाही. मग धीर करून, थेट— "लई आवडतो. पहिल्या दिवशीपासून. तुमची ती रागावणं पण."

उत्कर्षाच्या जिभेवर काय काय येऊन गेलं ते तिलाच माहीत. तिनं सगळं गिळलं.

"अजून?" ती एवढंच म्हणाली.

"अजून… पाच वाजायला दहा मिनिटं हाय."

"मग इथं काय उभे राहिलाय? पळा!"

तो पळाला. पायऱ्यांवर एकदा ठेचकाळला, मागं वळून पाहिलं, पुन्हा पळाला. ती उन्हात कोश घेऊन उभी राहिली. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत होते. बघू देत. मिनिटं जाईनात. पाचला दोन कमी असताना तो बाहेर आला, हातात कागदाची एक प्रत, कपाळावर घाम.

"घेतला परत," तो म्हणाला. "पण साहेब लई चिडले. म्हणाले, कारण लिहा. कारण न्हाई तर अर्ज न्हाई."

"मग? काय लिहिलंत?"

तो जरा घुटमळला आणि प्रत तिच्यापुढं केली. त्याच सुरेख, छापल्यासारख्या अक्षरात, कारणाच्या पुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं होतं— घरगुती.

उत्कर्षा त्या शब्दाकडे पाहत राहिली. कानापर्यंत गरम झालं, आणि ते उन्हानं नव्हतं.

"भलतंच पुढचं लिहिलंत," ती म्हणाली.

"चूक हाय? खोडू?" त्यानं खिशातून घाईघाईनं पेन काढलं.

तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि परत त्याच्या खिशाला अडकवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खोडू नका."